वादग्रस्त प्रश्नाचा सामूहिक शोध

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात वादग्रस्त विषयाशी विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा निबंधाच्या वहीत किंवा वादविवाद स्पर्धेच्या व्यासपीठावर पडते. ‘विज्ञान – शाप की वरदान’ या साच्यातील निबंधात दोन्ही बाजूंचे मुद्दे ओळीने मांडून शेवटी मध्यममार्गाची शिफारस करायची असते, तर स्पर्धेत अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू वाट्याला येते आणि घंटा वाजेपर्यंत ती लढवायची असते. भाषेवरची पकड, सभाधीटपणा आणि मुद्द्यांची मांडणी हे गुण या सरावातून येतात, याविषयी शंका नाही. परंतु निबंध लिहिणारा विद्यार्थी काहीही न तपासता समतोल दिसायला शिकतो आणि स्पर्धक काहीही न तपासता ठाम दिसायला शिकतो, हीदेखील वस्तुस्थिती आहे. चिकित्सक विचार म्हणजे एखादा दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे, तो पुरावा दाव्याचा भार पेलतो का आणि कोणती माहिती हाती आली तर स्वतःचे मत बदलावे लागेल, याचा शिस्तबद्ध विचार. त्याला या दोन्ही ठिकाणी फारसा वाव मिळत नाही. सामाजिक वादाचा विषय वर्गात आणायचा तर तो संशोधनाचा विषय म्हणून आणावा, आणि ते संशोधन एकमेकांशी असहमत असलेल्या विद्यार्थ्यांकडून एकत्र करून घ्यावे, अशी भूमिका येथे मांडायची आहे.

भारतीय तर्कपरंपरेला यातील मूळ भेद अपरिचित नव्हता. न्यायदर्शनात दोन पक्षांमधील विचारविनिमयाचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चाललेला तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करीत राहणारी ती वितंडा. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हा तत्त्वनिर्णयाचा संवाद कोणाबरोबर करावा हे सांगताना गुरू आणि शिष्य यांच्या जोडीने सहाध्यायीही मोजला आहे, आणि त्यांच्या ठायी मत्सर नसावा अशी अट घातली आहे. ही परंपरा ज्या पाठशाळांत जगली त्यांची दारे बहुसंख्य समाजाला आणि स्त्रियांना बंद होती, हे मात्र विसरता येत नाही. तेथील सहाध्यायी प्रमेयांबाबत भांडले तरी जगण्याच्या स्थितीने बहुधा एकाच बाजूचे होते. आजच्या महाविद्यालयीन वर्गात शेतमालकाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी, आरक्षणाचा लाभ घेणारे आणि आरक्षणाविषयी नाराज असलेले, असे सर्व एका बाकावर येतात. मतभेदाचा असा जिवंत साठा जुन्या पाठशाळांना कधी लाभला नाही, आणि आजचा वर्ग त्याचा उपयोग जवळजवळ करीतच नाही.

एकत्र शोधाचा आग्रह केवळ सौहार्दासाठी नाही. त्यामागे माणसाच्या तर्कशक्तीविषयीचे एक निरीक्षण आहे. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या संशोधकांनी २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की तर्कशक्ती मुख्यतः इतरांना पटवण्यासाठी आणि इतरांचे म्हणणे पारखण्यासाठी विकसित झाली असावी. स्वतःच्या मताला आधार शोधताना माणूस पहिल्या बऱ्यापैकी कारणापाशी थांबतो, पण दुसऱ्याने दिलेले कारण मात्र कसून तपासतो. हे खरे असेल तर ‘पूर्वग्रह सोडून विचार करा’ हा उपदेश एकट्या विद्यार्थ्याला देऊन फारसे काही साधणार नाही, कारण ज्या दोषाची जाणीवच नाही तो सोडणार कसा? त्याच्या शेजारी त्याच्याशी असहमत असलेली व्यक्ती बसवणे हा अधिक खात्रीचा उपाय होय. विज्ञानाच्या क्षेत्रात डॅनियल कानेमन यांनी हाच मार्ग विरोधकांचे सहकार्य म्हणून पुढे आणला. परस्परविरोधी सिद्धान्त मांडणाऱ्या संशोधकांनी एकमेकांवर टीकालेख लिहीत बसण्याऐवजी दोघांनाही मान्य होईल असा प्रयोग मिळून आखावा, अशी त्यामागची कल्पना होती. राल्फ हर्टविग यांच्याबरोबर, बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने, त्यांनी केलेले असे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगांनंतरही दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत झाले नाही. पण मतभेद कोठे संपतो आणि कोठे उरतो हे आधीपेक्षा स्पष्ट झाले. वर्गातील शोधाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये, आणि यापेक्षा कमीवर समाधानही मानू नये.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालेल, हे पाहण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदीचा प्रश्न घेता येईल. संविधानाचा अनुच्छेद ४७ मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याची दिशा राज्याला दाखवतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा आधार महाराष्ट्रात आजही घेतला जातो. गांधीजींच्या सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात पूर्वीपासून बंदी होती, गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली, आणि या दोहोंच्या शेजारी असलेल्या चंद्रपुरात गावोगावच्या स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध दारूचा सुळसुळाट, वाढलेली गुन्हेगारी आणि बुडालेला महसूल अशी कारणे तेव्हा पुढे आली, तर बंदीच्या समर्थकांनी अपयश बंदीचे नसून अंमलबजावणीचे आहे असे म्हटले. त्या जिल्ह्यातील एखाद्या वर्गात हा विषय निघाला तर एखाद्या विद्यार्थिनीची आई मोर्चात चाललेली असेल, एखाद्याच्या वडिलांची परमिट रूममधली नोकरी गेलेली असेल आणि एखाद्याच्या घरात दारूने केलेली पडझड कोणालाही सांगितलेली नसेल. अशा वर्गात ‘दारूबंदी असावी की नसावी’ हा प्रश्न फळ्यावर लिहून हात वर करायला सांगणे म्हणजे प्रत्येकाला त्याच्या घराच्या बाजूला उभे करून ठेवणे होय.

संशोधनाची पहिली पायरी हा प्रश्न फोडण्याची आहे. ‘बंदी फसली’ या दोन शब्दांच्या दाव्यात अनेक दावे दडलेले असतात. पिणाऱ्यांची संख्या घटली नाही, पिण्याचे प्रमाण घटले नाही, घरातील मारहाण थांबली नाही, विषारी किंवा बनावट दारू वाढली, पोलिसांची हप्तेबाजी वाढली, राज्याचे उत्पन्न घटले, यांपैकी प्रत्येक गोष्ट इतरांपासून स्वतंत्रपणे खरी किंवा खोटी असू शकते. बंदीच्या काळात पिणारे तेवढेच राहिले आणि तरीही चौकात उघड पिणे थांबल्याने स्त्रियांचे जगणे सुसह्य झाले, असे घडू शकते. पिणे घटले आणि उरलेल्यांच्या पोटात अधिक घातक द्रव गेले, असेही घडू शकते. वर्गातील गटांनी हे दावे वाटून घ्यावेत, आणि ते वाटताना एक नियम कटाक्षाने पाळावा. जो दावा खोटा ठरावा असे ज्याला मनापासून वाटते, त्यानेच त्या दाव्याचा सर्वांत सबळ पुरावा शोधून आणावा. बंदीच्या समर्थक विद्यार्थिनीने अवैध विक्रीची नोंद शोधावी आणि बंदीच्या विरोधकाने ग्रामसभांचे ठराव वाचावेत. शोध सुरू होण्यापूर्वीच, कोणती माहिती मिळाली तर आपली खात्री कमी होईल, हे प्रत्येकाने लिहून ठेवावे; नंतर लिहायचे ठरवले तर मन सोयीची अट शोधते.

यानंतर आकड्यांशी खरी झटापट सुरू होते. बंदीच्या काळात दारूविषयक गुन्ह्यांची नोंद वाढली, हा युक्तिवाद घेऊ. बंदीपूर्वी परवानाधारक दुकानातून बाटली विकणे हा व्यवहार होता, बंदीनंतर तीच कृती गुन्हा झाली; त्यामुळे लोकांच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही तरी नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा चढणारच. शिवाय अशा गुन्ह्यात तक्रार करायला सहसा कोणी येत नाही. पोलिसांनी धाड घातली तर गुन्हा नोंदला जातो, नाही घातली तर नोंदला जात नाही. म्हणजे हा आकडा दारूइतकाच पोलिसांच्या हालचालीचाही मापक आहे, आणि तो वाढला यावरून बंदी फसली असेही म्हणता येत नाही व बंदीची अंमलबजावणी कडक झाली असेही निश्चयाने म्हणता येत नाही. विद्यार्थ्याला जेव्हा हे पहिल्यांदा उमगते, तेव्हा वर्तमानपत्रातील ‘गुन्ह्यांत वाढ’ हा मथळा त्याला पुन्हा पूर्वीसारखा वाचता येत नाही. कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका उलगड्याचे शैक्षणिक मोल अधिक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळल्यास वेगळी अडचण समोर येते. चौथी फेरी २०१५-१६ ची आणि पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ चे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बंदीचा परिणाम काढण्याचा मोह होतो. परंतु चौथ्या फेरीच्या गोषवाऱ्यात मद्यपानाची टक्केवारी १५ ते ४९ या वयोगटाची होती आणि पाचव्या फेरीच्या गोषवाऱ्यात ती १५ वर्षांवरील सर्वांची दिली गेली, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. त्याहून मोठा पेच असा की चौथी फेरी सुरू होण्याच्या सुमारासच चंद्रपुरात बंदी आलेली होती, म्हणून तिला बंदीपूर्व स्थितीचे चित्र मानता येत नाही. जिथे पिणे बेकायदा आहे तिथे प्रश्नावली घेऊन आलेल्या अनोळखी व्यक्तीला माणूस किती खरे सांगेल, ही शंका तर दोन्ही फेऱ्यांना लागू पडते.

मग शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करावी, असे एखादा गट सुचवतो, आणि सुचवणे योग्यच आहे. बंदी नसलेल्या यवतमाळचा आलेख आणि चंद्रपूरचा आलेख यांतील अंतर बंदीविषयी काहीतरी सांगेल. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्रीला मनाई केली, आणि एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतच्या दुकानांवर व बारवर गदा आली. म्हणजे ज्या जिल्ह्याला ‘बंदी नसलेला’ म्हणून तुलनेत धरले, तिथेही याच काळात विक्रीची व्यवस्था हलली होती. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीने रोख व्यवहार आटला होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीने सगळेच ठप्प झाले. चंद्रपूरची सीमा तेलंगणालाही लागते, त्यामुळे शेजारच्या विक्रीत वाढ दिसली तर ती तिथल्या लोकांची की सीमेपलीकडून आलेल्या गिऱ्हाइकांची, हेही तपासावे लागते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नुसार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तालुकावार विक्रीची व कारवाईची माहिती मागता येते, अर्जासोबत कारण द्यावे लागत नाही आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. एका सत्राच्या अभ्यासक्रमात हे सहज बसते. अर्जातील प्रश्न नेमका कसा विचारावा, यावर दोन्ही मतांच्या विद्यार्थ्यांनी घातलेला वाद हाच चिकित्सक विचाराचा उत्तम पाठ ठरेल, कारण ढिला प्रश्न विचारला तर ढिले उत्तर येते, हे त्यांना स्वतःच्या कागदावर दिसेल.

आकड्यांचा हा कस लावताना एक धोका संभवतो. ज्यांच्याकडे आकडे नाहीत त्यांचे म्हणणे पुरावाच नव्हे, अशी समजूत वर्गात रुजू शकते, आणि तसे झाले तर संशोधनाच्या नावाखाली अन्याय होईल. महाराष्ट्रात स्त्रियांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या पर्यायाला, निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद होते. या मतदानातून दारूचा खप किती होता हे कळत नाही, पण दुकानाचे ओझे कोण वाहत होते हे अतिशय स्पष्ट कळते. मोर्चातील स्त्रीचे कथन खपाच्या आलेखाला पर्याय नाही आणि खपाचा आलेखही तिच्या कथनाला पर्याय नाही. दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. कोणता पुरावा कोणत्या प्रश्नाला लागू पडतो, हे ठरवण्याचे कौशल्य पाठ्यपुस्तकातील तर्कदोषांची यादी पाठ करून येत नाही.

हे सर्व करूनही एक गाभा शिल्लक राहतो, जो कोणत्याही आकड्याने सुटत नाही. बंदीने पिणे काही अंशी घटले, अवैध धंदा काही अंशी वाढला आणि महसूल बुडाला, एवढे सर्वांनी मान्य केले असे क्षणभर धरले, तरी घरातील स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी प्रौढ माणसाच्या निवडीवर किती बंधन घालावे आणि मोहफुलाची दारू ज्यांच्या विधींचा भाग आहे त्या आदिवासी समाजाला तोच नियम लावावा का, हे मूल्यांचे प्रश्न उरतातच. वस्तुस्थितीचा प्रश्न आणि मूल्याचा प्रश्न यांत फरक करायला शिकवणे याचा अर्थ मूल्याचा प्रश्न ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून सोडून देणे नव्हे. मूल्यांनाही कारणे द्यावी लागतात आणि त्या कारणांतील विसंगती दाखवता येते. दारूवरील बंदी स्वातंत्र्याच्या नावाने नाकारणारा विद्यार्थी गुटख्यावरील बंदीला पाठिंबा देत असेल, तर त्याने दोहोंतील फरक सांगितला पाहिजे, आणि कदाचित त्याला तो सांगताही येईल.

अशा वर्गात शिक्षकाने स्वतःचे मत सांगावे का? ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांच्या नेतृत्वाखाली १९६७ पासून चाललेल्या मानव्यविद्या अभ्यासक्रम प्रकल्पाने या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले होते. युद्ध, कुटुंब, दारिद्र्य, कायदा व सुव्यवस्था अशा विषयांवरील मूळ कागदपत्रे, छायाचित्रे आणि लेखांचे संच पौगंडावस्थेतील विद्यार्थ्यांना द्यायचे, आणि शिक्षकाने तटस्थ अध्यक्षाच्या भूमिकेत राहून चर्चेचा दर्जा सांभाळायचा, पण अधिकाराच्या खुर्चीवरून निकाल द्यायचा नाही, अशी ही रचना होती. त्याच प्रकल्पाचा वंशसंबंधांवरील संच मात्र प्रसिद्ध होऊ दिला गेला नाही, आणि त्यामागील अस्वस्थता समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्या माणूसपणाविषयीच शंका घेतली जात आहे असा विद्यार्थी समोर बसला असताना अध्यक्षाची तटस्थता त्याला तटस्थता वाटेल का? पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख येथील बैठकीतून पुढे आलेली सूत्रे या बाबतीत अधिक उपयोगी आहेत. शिक्षकाने विद्यार्थ्यावर मत लादू नये, विद्वानांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हिताच्या दृष्टीने परिस्थितीचे विश्लेषण करता यावे, अशी ती तीन सूत्रे होत. यांतील दुसऱ्या सूत्राची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे; जे खरोखर वादग्रस्त नाही ते वादग्रस्त म्हणून वर्गात आणणे हीदेखील दिशाभूलच.

म्हणून विषयाची निवड ही शिक्षकाची सर्वांत अवघड जबाबदारी ठरते. समाजात एखाद्या गोष्टीवर भांडण चालू आहे, एवढ्यावरून ती खुला प्रश्न ठरत नाही. शिक्षणतत्त्वज्ञ मायकेल हँड यांनी पुरस्कारलेली कसोटी येथे उपयोगी आहे. ज्या प्रश्नावर परस्परविरोधी मते विवेकाशी प्रतारणा न करता धरता येतात, तो खुला म्हणून शिकवावा. या कसोटीने जिल्हास्तरीय दारूबंदी, आरक्षणातील उपवर्गीकरण किंवा बैलगाडा शर्यती हे खुले प्रश्न ठरतात. अस्पृश्यता योग्य की अयोग्य हा ठरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने तिचे उच्चाटन केले म्हणून तो प्रश्न बंद झाला, असे म्हणणेही पुरेसे नाही. तिच्या समर्थनार्थ उभे राहील असे एकही कारण उरलेले नाही, म्हणून तो बंद आहे. अस्पृश्यतेचे आजचे अवशेष कोठे आणि कोणत्या रूपात टिकून आहेत, हा मात्र संशोधनाचा अत्यंत निकडीचा विषय आहे, आणि त्याला वादाचे रूप देण्याची काहीच गरज नाही.

या पद्धतीवरील आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप गटाच्या स्वभावाविषयी आहे. समविचारी माणसे एकत्र चर्चा करू लागली की त्यांचे मत चर्चेपूर्वीपेक्षा अधिक टोकाला जाते, असे सामाजिक मानसशास्त्रातील अनेक प्रयोगांत दिसले आहे आणि त्याला गटध्रुवीकरण म्हणतात. मिश्र गटातही मोठ्या आवाजाचा एकजण निष्कर्ष ठरवतो, दोघे टंकलेखन करतात आणि उरलेले नावापुरते राहतात, हे प्रत्येक प्रकल्पवहीच्या मागचे उघड सत्य आहे. त्यावर उपाय आहेत, पण ते कष्टाचे आहेत. प्रत्येकाने पहिले मत बोलण्याआधी लिहून देणे, गटातील स्थान दर आठवड्याला बदलणे, अहवालात असहमतीचे स्वतंत्र टिपण जोडण्याचा हक्क एकट्या सदस्यालाही असणे, आणि गुण निष्कर्षाच्या दिशेवर न ठेवता पुराव्याच्या हाताळणीवर ठेवणे, एवढे तरी पाळावे लागेल. त्याहून नाजूक मर्यादा विद्यार्थ्याच्या खासगी दुःखाची आहे. ज्या मुलीच्या घरात दारूने आयुष्य पोखरले आहे तिने ते वर्गात सांगावे, अशी अपेक्षा अप्रत्यक्षपणेही निर्माण होता कामा नये. शासकीय कागद, ठराव आणि प्रसिद्ध मुलाखती पुरेशा आहेत, आणि गप्प राहण्याचा तिचा अधिकार संशोधनाच्या कोणत्याही गरजेपेक्षा मोठा आहे.

संस्थाचालकांची आणि पालकांची भीती हाही खरा अडसर आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून वादळ उठले, तेव्हा त्या पुस्तकांचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. या घटनेनंतर एखाद्या शिक्षकाने वादग्रस्त विषयापासून चार हात दूर राहायचे ठरवले तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मतप्रदर्शनाच्या चर्चेपेक्षा कागदपत्रांवर आधारलेले सामूहिक संशोधन शिक्षकाला अधिक संरक्षण देते, हे येथे लक्षात घ्यावे. वर्गात काय झाले याची लेखी नोंद असते, प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार असतो, विरुद्ध मताच्या विद्यार्थ्यांची सही त्याच अहवालावर असते, आणि तक्रार घेऊन आलेल्या पालकाला ती नोंद दाखवता येते.

ही नोंद वर्षअखेरीस रद्दीत जाऊ नये. कोणते दावे तपासले, कोणते टिकले, कोणते माहितीअभावी अधांतरी राहिले आणि असहमती नेमकी कोणत्या मूल्यावर येऊन थांबली, हे लिहून पुढच्या तुकडीच्या हाती दिले, तर तिला त्याच जुन्या वादाच्या आरंभरेषेवर पुन्हा उभे राहावे लागणार नाही. चंद्रपूरच्या बाबतीत तर अशी अखंड नोंद विशेष मोलाची आहे, कारण त्या एकाच जिल्ह्याने बंदीपूर्वीचा काळ, सहा वर्षांची बंदी आणि २०२१ नंतरची खुली विक्री अशा तिन्ही अवस्था पाहिल्या आहेत. बंदी उठल्यावर अवैध विक्री खरोखर संपली का, महसूल कोठे खर्च झाला आणि आडव्या बाटलीला मते देणाऱ्या गावांतील स्त्रियांचे आज काय म्हणणे आहे, हे प्रश्न २०१५ च्या किंवा २०२१ च्या वर्गाला विचारताच येत नव्हते. आजच्या वर्गाला ते विचारता येतात.